घटक ४ : कारकीर्दलेख – रग्बीतील फुल बॅक ली हाफपेनी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• कारकीर्दलेख म्हणजे काय आणि तो सामन्याच्या वृत्तान्ताहून वेगळा कसा, हे सांगता येईल.
• अपरिचित खेळाची माहिती मराठी वाचकाला पुरेशी व नेमकी कशी द्यावी, हे स्पष्ट करता येईल.
• क्रियापदाच्या निवडीमुळे एखाद्या घटनेची जबाबदारी कशी बदलते, याचे विश्लेषण करता येईल.
• उपलब्ध तपशिलांच्या आधारे एखाद्या खेळाडूच्या कारकिर्दीवर लेख लिहिता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण सामन्याचा वृत्तान्त कसा लिहावा याचा अभ्यास केला. वृत्तान्त एका दिवसाचा असतो. निकाल ताजा असतो, वाचकाची उत्सुकता ताजी असते आणि लेखकाचा रागलोभही ताजाच असतो. कारकीर्दलेख मात्र दहा-पंधरा वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडतो. 'कारकीर्द' हा शब्द मराठीत फारसीतून आला. राज्यकर्त्याचा अंमल या अर्थाने तो इतिहासलेखनात आजही वापरला जातो. राजाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन एका लढाईवरून करू नये, हे आपण सहज मान्य करतो. खेळाडूच्या बाबतीत मात्र तीच समजूत आपण अनेकदा विसरतो आणि त्याला एका झेलाने, एका षटकाने किंवा एका किकने ओळखू लागतो.

या घटकासाठी मुद्दाम मराठी वाचकाला फारसा परिचित नसलेला खेळ निवडला आहे. क्रिकेटपटूवर लिहिताना लेखकाने काही सांगायचे ठेवले, तरी वाचक ते स्वतःच्या माहितीने भरून काढतो. रग्बीबाबत ती सोय नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ फार पूर्वीपासून खेळला जात असला, तरी आपल्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर त्याला क्वचितच जागा मिळते. त्यामुळे काय सांगावे, किती सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हे तिन्ही प्रश्न येथे स्वच्छपणे समोर येतात. अभ्यासासाठी आपण वेल्स या देशाचा व्यावसायिक खेळाडू ली हाफपेनी याची कारकीर्द घेणार आहोत.

उल्लेखाच्या पद्धतीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी क्रीडालेखनात खेळाडूचा उल्लेख एकेरीत करण्याची प्रथा आहे. त्यात अनादर नसून जवळीक असते. या घटकात तीच प्रथा पाळली आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ खेळ आणि खेळातील जागा

रग्बी युनियन या खेळात प्रत्येक संघाचे पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. चेंडू लंबगोल असतो. तो हाताने पुढे टाकता येत नाही. बाजूला किंवा मागे असलेल्या सहकाऱ्याकडेच फेकावा लागतो. पुढे न्यायचा तर हातात घेऊन धावावे लागते किंवा पायाने मारावा लागतो. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो. त्याचे पाच गुण मिळतात. त्यानंतर उभ्या दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीवरून चेंडू मारण्याची संधी मिळते. ती साधल्यास आणखी दोन गुण मिळतात. प्रतिपक्षाने नियमभंग केल्यास मिळालेल्या पेनल्टीवर याच प्रकारे गोल केला, तर तीन गुण मिळतात. आडवी दांडी जमिनीपासून तीन मीटर उंच असते.

फुल बॅक हा पंधरा क्रमांकाची जर्सी घालणारा खेळाडू. तो आपल्या संघाच्या सर्वांत मागे उभा असतो. प्रतिपक्षाने उंच मारलेले चेंडू धावत्या प्रतिस्पर्ध्यांच्या गराड्यात झेलणे, पुढची फळी भेदून आलेल्या खेळाडूला अडवणे आणि मागून वेगाने येऊन चढाईत सामील होणे, ही त्याची कामे. कबड्डीत सहा गडी बाद झाल्यावर अंगणात उरलेल्या एकट्या गड्याकडे जसे सर्वांचे डोळे लागतात, तसे फुल बॅककडे संपूर्ण सामनाभर लागलेले असतात. त्याच्या मागे कोणीही नसते. पुढच्या खेळाडूची चूक मागचा सावरून घेतो. फुल बॅकची चूक थेट धावफलकावर दिसते. हाफपेनीच्या बाबतीत आणखी एक भार होता. तो संघाच्या प्रमुख किकरांपैकी एक होता. म्हणजे चेंडू जागेवर ठेवून, हजारो प्रेक्षकांसमोर, एकट्यानेच गुण मिळवायचे कामही त्याच्याकडे होते.

वाचकाच्या दृष्टीने एवढी माहिती पुरेशी आहे. स्क्रम, लाइनआउट इत्यादी गोष्टी रग्बीत महत्त्वाच्या असल्या, तरी आपल्या विषयाला त्यांची गरज नाही. अपरिचित खेळावर लिहिताना सर्व नियम सांगण्याचा मोह टाळावा. पुढच्या कथनाला जो नियम लागणार आहे, तेवढाच सांगावा.

४.२.२ कारकिर्दीची रूपरेषा

हाफपेनीचा जन्म २२ डिसेंबर १९८८ रोजी झाला. स्वान्सीजवळचे गॉर्साइनन हे त्याचे गाव. वेल्सची लोकसंख्या सुमारे तीस लाख; रग्बी हा तेथील लोकांच्या अभिमानाचा विषय. शाळकरी वयात आजोबा त्याला किकच्या सरावासाठी मैदानावर घेऊन जात. रग्बीच्या मानाने त्याची शरीरयष्टी लहान होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ८ नोव्हेंबर २००८ रोजी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो वेल्सकडून प्रथम खेळला, तोही फुल बॅक म्हणून नव्हे, तर कडेने धावणारा विंगर म्हणून. पंधरा क्रमांकाची जागा त्याला पुढे मिळाली.

व्यावसायिक खेळाडू म्हणून तो प्रथम कार्डिफ ब्लूज, २०१४ पासून फ्रान्समधील तुलाँ आणि २०१७ पासून वेल्समधील स्कार्लेट्स या संघांकडून खेळला. २०१५ मध्ये युरोपीय चषक जिंकणाऱ्या तुलाँ संघात तो होता. वेल्ससाठी तो १०१ सामने खेळला आणि त्याने ८०१ गुण मिळवले. वेल्सच्या इतिहासात त्याच्याहून अधिक गुण नील जेन्किन्स आणि स्टीफन जोन्स या दोघांनीच मिळवले आहेत. २०२३ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्ती घेतली. त्यानंतर न्यूझीलंडमधील क्रुसेडर्स आणि इंग्लंडमधील हार्लेक्विन्स या संघांशी तो करारबद्ध झाला.

रग्बी युनियन हा खेळ १९९५ मध्येच अधिकृतपणे व्यावसायिक झाला. त्यापूर्वी खेळाडू शिक्षक, डॉक्टर किंवा कामगार असत आणि फावल्या वेळात खेळत. हाफपेनीच्या पिढीचा मात्र खेळ हाच चरितार्थ होता. हा तपशील पुढे ४.२.६ मध्ये उपयोगी पडेल.

वरील दोन परिच्छेद अचूक आहेत, परंतु त्यांना कारकीर्दलेख म्हणता येणार नाही. ती नोंदवही आहे. नोंदवहीतून लेख करायचा तर एक प्रश्न हाती धरावा लागतो. या घटकापुरता आपला प्रश्न असा : ज्याची चूक सर्वांत ठळक दिसते, त्या माणसाला न्याय कसा द्यावा?

४.२.३ दोन किक, दोन निकाल

पहिला प्रसंग १५ ऑक्टोबर २०११ चा. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे विश्वचषकाचा उपांत्य सामना वेल्स आणि फ्रान्स यांच्यात होता. सामना संपत आला असताना फ्रान्सकडे ९, तर वेल्सकडे ८ गुण होते. वेल्सला सुमारे पन्नास मीटर अंतरावरून पेनल्टी मिळाली. बावीस वर्षांच्या हाफपेनीने चेंडू मारला. दिशा बरोबर होती. चेंडू आडव्या दांडीच्या किंचित खालून गेला. वेल्स ९–८ असे हरले आणि अंतिम सामन्याची संधी गेली.

दुसरा प्रसंग त्यानंतर चार महिन्यांच्या आतला. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी डब्लिन येथे आयर्लंड २१–२० असे पुढे होते. अगदी शेवटी आयर्लंडच्या एका खेळाडूने वेल्सच्या खेळाडूला धोकादायक रीतीने उचलून पाडले. वेल्सला पेनल्टी मिळाली. हाफपेनीने ती साधली. वेल्स २३–२१ असे जिंकले आणि पुढे त्या स्पर्धेतील पाचही सामने जिंकून 'ग्रँड स्लॅम'चे मानकरी ठरले.

पहिल्या प्रसंगावर 'हाफपेनीने विश्वचषक घालवला' आणि दुसऱ्यावर 'हाफपेनीने सामना जिंकून दिला' असे मथळे देता येतील. दोन्ही आकर्षक आहेत. ते खरे आहेत का?

उपांत्य सामन्याचा हिशेब पुन्हा पाहू. वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन याला पहिल्या वीस मिनिटांतच लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढण्यात आले होते. उरलेला जवळजवळ तासभर वेल्स चौदा खेळाडूंनिशी खेळले. जेम्स हुकच्या दोन पेनल्टी हुकल्या. माइक फिलिप्सच्या ट्रायनंतर मिळालेली दोन गुणांची किक स्टीफन जोन्सने मारली, ती खांबाला लागून परतली. ते दोन गुण मिळते, तर वेल्सकडे दहा गुण झाले असते आणि शेवटच्या पेनल्टीला तेवढा भार राहिलाच नसता. हाफपेनीची किक शेवटची होती, म्हणून ती लक्षात राहिली. अखेरचे कारण म्हणजे एकमेव कारण नव्हे. कालक्रम आणि कार्यकारणभाव यांतील हा फरक कारकीर्दलेखकाने कधीही विसरू नये.

डब्लिनच्या प्रसंगालाही हाच न्याय लावला पाहिजे. प्रतिपक्षाचा नियमभंग झाला नसता, तर ती संधीच आली नसती. दोष वाटून घ्यायचा असेल, तर श्रेयही वाटूनच द्यावे लागते.

४.२.४ क्रियापद आणि जबाबदारी

आता भाषेकडे वळू. ऑकलंडच्या एकाच घटनेची मराठीत पुढील वाक्ये होऊ शकतात.

(१) किक हुकली.
(२) हाफपेनीकडून किक हुकली.
(३) हाफपेनीने किक हुकवली.
(४) हाफपेनी किक हुकवून बसला.
(५) हाफपेनीने सामना घालवला.

पहिल्या वाक्यात 'हुकणे' हे अकर्मक क्रियापद आहे. किक हाच कर्ता. माणूस वाक्यात नाही. दुसऱ्या वाक्यात माणूस आला, परंतु '-कडून' या शब्दयोगी अव्ययाने. 'माझ्याकडून कप फुटला' असे आपण म्हणतो तेव्हा कृती आपली असल्याचे मान्य करतो. मात्र तसा हेतू नव्हता, हेही सुचवतो. तिसऱ्या वाक्यात 'हुकवणे' हे प्रयोजक रूप आले आणि 'हाफपेनीने' हा तृतीयान्त कर्ता झाला. आता हुकण्याची क्रिया तो घडवून आणतो. चौथ्या वाक्यात 'बसणे' हे सहायक क्रियापद घटनेत काही भर घालत नाही. बोलणाऱ्याचा वैताग तेवढा जोडते. पाचव्या वाक्यात किक नाहीशी झाली आहे. ऐंशी मिनिटे, तीस खेळाडू आणि एक लाल कार्ड हे सारे एका नावात बुडून गेले आहे.

हीच जोडी 'चेंडू सुटला' आणि 'चेंडू सोडला', 'गडी पडला' आणि 'गडी पाडला' यांतही आढळते. मराठीने आपल्याला जबाबदारीच्या इतक्या पायऱ्या दिल्या आहेत, ही भाषेची श्रीमंती होय. पण प्रत्येक पायरीवर पाय ठेवताना पुरावा हवा. सुमारे पन्नास मीटरवरून मारलेली किक हुकणे हे त्या अंतराला अनपेक्षित नव्हे. तेथे पहिले किंवा दुसरे वाक्य न्याय्य ठरते. खेळाडू निष्काळजीपणे वागला असेल, तर तिसरे वाक्य चालेल. पाचवे वाक्य लिहिण्यापूर्वी लेखकाने थांबून विचार करावा.

याचा अर्थ नेहमी अकर्मक क्रियापदाच्या आडोशाला जावे, असा मात्र नाही. कोणी जाणूनबुजून केलेल्या कृतीला 'तसे घडले' म्हणणे हाही अन्यायच. सौम्य वाक्य म्हणजे न्याय्य वाक्य नव्हे. जे घडले त्याच्याशी जुळणारे वाक्य न्याय्य.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) योग्य पर्याय निवडा. 'गोलरक्षकाकडून चेंडू सुटला' या वाक्यात (१) हेतू सुचतो (२) कृती मान्य होते, हेतू नाकारला जातो (३) कर्ता पूर्णपणे लपतो.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा. फुल बॅकची चूक इतरांच्या चुकीपेक्षा अधिक ठळक का दिसते?

४.२.५ २०१३ : लायन्सचा दौरा

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघांतील निवडक खेळाडूंचा 'ब्रिटिश अँड आयरिश लायन्स' हा संघ दर चार वर्षांनी दक्षिण गोलार्धातील एखाद्या देशाचा दौरा करतो. २०१३ मध्ये तो ऑस्ट्रेलियात गेला. त्याच वर्षी हाफपेनी युरोपातील 'सिक्स नेशन्स' स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

२२ जून रोजी ब्रिस्बेन येथे पहिली कसोटी झाली. शेवटच्या क्षणी ऑस्ट्रेलियाच्या कर्टली बीलला विजयाची पेनल्टी मिळाली. किक मारताना त्याचा पाय घसरला. लायन्स २३–२१ असे जिंकले. आठ दिवसही उलटले नाहीत तोच, २९ जून रोजी मेलबर्न येथे पारडे फिरले. ऑस्ट्रेलिया १६–१५ असे पुढे असताना हाफपेनीला जवळजवळ मैदानाच्या मध्यावरून शेवटची पेनल्टी मिळाली. चेंडू गोलपर्यंत पोहोचलाच नाही. लायन्स एका गुणाने हरले.

येथे वृत्तान्त आणि कारकीर्दलेख यांतील फरक स्पष्ट होतो. शेवटची किक हुकली, ही त्या दिवसाची बातमी. परंतु त्या सामन्यातील लायन्सचे पंधराच्या पंधरा गुण हाफपेनीनेच पाच पेनल्टींवर मिळवले होते. तो नसता, तर एका गुणाने हरण्याइतके जवळही ते आले नसते. हे वाक्य लिहायला आकडेवारी पाहावी लागते. पहिले वाक्य लिहायला तेवढेही कष्ट लागत नाहीत.

६ जुलै रोजी सिडनी येथे निर्णायक कसोटी झाली. लायन्स ४१–१६ असे जिंकले. हाफपेनीने पाच पेनल्टी आणि तीन रूपांतरे साधून २१ गुण मिळवले. शिवाय मागून धावत येऊन सहकाऱ्यांच्या दोन ट्रायना हातभार लावला. तीन कसोटींतील त्याचे गुण १३, १५ आणि २१, म्हणजे एकूण ४९ झाले. एका मालिकेतील हा लायन्सचा विक्रम ठरला. आधीचा ४१ गुणांचा विक्रम १९९७ मध्ये नील जेन्किन्सने केला होता. तोही वेल्सचाच, त्या मालिकेत तोही फुल बॅक म्हणूनच खेळला होता, आणि पुढे किकचा प्रशिक्षक म्हणून त्यानेच हाफपेनीला घडवले. १९९७ नंतर लायन्सने जिंकलेली ही पहिलीच मालिका. हाफपेनी मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

४.२.६ 'दुखापत झाली' : शरीराची किंमत

व्यावसायिक खेळाडूचे शरीर हेच त्याचे भांडवल. सप्टेंबर २०१५ मध्ये, विश्वचषकाच्या तोंडावर, इटलीविरुद्धच्या सराव-सामन्यात हाफपेनीच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो विश्वचषकाला मुकला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेंडू मारून झाल्यावर एका खेळाडूची जोरदार धडक त्याला बसली. मेंदूला हादरा बसल्याने तो सुमारे तीन महिने मैदानाबाहेर राहिला. ३ जुलै २०२१ रोजी कॅनडाविरुद्धचा सामना हा वेल्स आणि लायन्स मिळून त्याचा शंभरावा कसोटी सामना होता. पहिल्याच मिनिटाला त्याचा गुडघा पुन्हा दुखावला. परतायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. तरीही ५ ऑगस्ट २०२३ रोजी, कार्डिफ येथे इंग्लंडविरुद्ध, केवळ वेल्ससाठी म्हणून शंभरावा सामना तो खेळला. तो सामना वेल्सने जिंकला.

'दुखापत झाली' ही मराठीतील रूढ शब्दयोजना पाहा. तिच्यात कर्ता नाही. गुडघ्याच्या दुखापतीला ती शोभते, कारण तेथे सहसा कोणी दोषी नसतो. मात्र बारा-पंधरा दुखापती अशाच एकेका वाक्यात उरकल्या, तर त्या पावसासारख्या आपोआप पडल्या, असा समज होतो. उंच चेंडू झेलताना उघडे पडणारे शरीर, आपल्याहून वजनदार खेळाडूंना अडवण्याची सक्ती, एकामागून एक येणारे सामने, ही कारणे लेखकाने शब्दांत आणली पाहिजेत. ज्या खेळाडूला आपण एका किकवरून जोखतो, त्याने ती किक मारण्यासाठी उभे राहण्याची किंमत किती वेळा मोजली, हेही त्याच लेखात यावे.

४.२.७ परकी नावे लिहिताना

अशा लेखात परकी नावे उच्चारानुसार लिहावीत, स्पेलिंगनुसार नव्हे. या खेळाडूच्या पहिल्या नावातील शेवटची दोन अक्षरे उच्चारात नसतात, म्हणून 'ली'. त्याचे आडनाव एका जुन्या इंग्रजी नाण्याचे नाव आहे. नाण्याचा उच्चार 'हेपनी' असा होतो, आडनावाचा मात्र 'हाफपेनी'. फ्रेंच शहराचे नाव 'टुलॉन' न लिहिता 'तुलाँ' असे लिहावे. फुल बॅक, ट्राय, पेनल्टी हे शब्द तसेच ठेवावेत. 'पूर्ण पाठीराखा' यांसारखे भाषांतर वाचकाला मदत करत नाही, उलट हसवते.

४.३ सारांश

कारकीर्दलेख हा घटनांची यादी नसून एका प्रश्नाच्या आधारे केलेली मांडणी असते. अपरिचित खेळाचे आवश्यक तेवढेच नियम सांगावेत. शेवटची घटना म्हणजे एकमेव कारण असे समजू नये. मराठीतील अकर्मक, '-कडून'युक्त, प्रयोजक आणि सहायक क्रियापदयुक्त रचना जबाबदारीच्या वेगवेगळ्या छटा दाखवतात. त्यांची निवड पुराव्यानुसार करावी. दोष आणि श्रेय यांना एकच माप लावावे. ली हाफपेनीच्या कारकिर्दीत हुकलेल्या दोन किक प्रसिद्ध आहेत. ८०१ गुण, १०१ सामने आणि पुन्हा पुन्हा उभा राहिलेला माणूस यांच्यासह त्या किक वाचल्या, तरच त्यांचा खरा अर्थ कळतो.

४.४ शब्दार्थ

अस्थिबंध : दोन हाडांना जोडणारी चिवट पेशीजालाची पट्टी, लिगामेंट.
रूपांतर : ट्रायनंतर किक मारून मिळवलेले दोन गुण.
प्रयोजक क्रियापद : कर्ता क्रिया घडवून आणतो असे दाखवणारे क्रियापद. उदा. पडणे–पाडणे.
ग्रँड स्लॅम : सिक्स नेशन्स स्पर्धेतील आपले पाचही सामने जिंकणे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

(अ) पर्याय (२). (आ) फुल बॅकच्या मागे चूक सावरून घेणारा दुसरा खेळाडू नसल्यामुळे त्याची चूक थेट गुणांत दिसते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) वृत्तान्त आणि कारकीर्दलेख यांतील फरक २०१३ च्या मेलबर्न कसोटीच्या आधारे स्पष्ट करा.
(२) 'अखेरचे कारण म्हणजे एकमेव कारण नव्हे' या विधानाची चर्चा करा.
(३) सुटणे–सोडणे, पडणे–पाडणे या जोड्या वापरून एकाच घटनेची दोन-दोन वाक्ये लिहा व अर्थातील फरक सांगा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा तालुक्यातील कबड्डी, खो-खो अथवा कुस्तीच्या एखाद्या निवृत्त खेळाडूची भेट घ्या. लोक त्यांची कोणती एक चूक किंवा कोणता एक पराक्रम सांगतात, ते आधी टिपून घ्या. नंतर त्या प्रसंगापूर्वी काय काय घडले होते, हे त्यांनाच विचारा. दोन्ही टिपणांतील क्रियापदे अधोरेखित करून पाचशे शब्दांत कारकीर्दलेख लिहा. लिहून झाल्यावर तो त्यांना वाचून दाखवा. एखाद्या क्रियापदावर ते थांबले, तर का थांबले, याचीही नोंद करा.